थंड ग्रीस

सलमाबादेत जुलैच्या पहाटे पाचला
लोखंड जेमतेम हात लावू देतं.
म्हणून आधी बॉनेट, मग चहा.

एकाहत्तरची शेवरोले. पिस्त्याच्या बर्फीचा रंग,
छतावर वाळूने घासून पडलेलं टक्कल.
डिपस्टिक ओढली, नाकाशी नेली :
ऑइलला पेट्रोलचा वास,
आणि पाहुणे वाढल्यावरच्या आमटीसारखं पातळ.
पंपाचा पडदा फाटलाय.

मालक याकूब अल-हद्दाद, कस्टममधून रिटायर,
खुर्ची टाकून शेजारीच.
मुलगा म्हणतो, इलेक्ट्रिक बसवा, मिटवून टाका.
म्हातारा म्हणतो, ला.
नुसतं ला.
अर्ध्या तासाने, मी गाडीखाली आडवा असताना,
मोडक्या हिंदीत पुढचं वाक्य आलं :
विजेचा पंप किल्ली फिरवली की कुरकुरतो,
गाडी हलो न हलो.
हा इंजिन फिरलं तरच गिळतो.

दोन बोल्ट. वरचा शहाणा.
खालचा बोटांनाच दिसतो, डोळ्यांना नाही.
पंप हातात आला, आणि मागोमाग
पेन्सिलीएवढी पोलादी दांडी घसरली.
खरी मेख हीच :
दांडी वर धरायची, त्याच वेळी
नव्या पंपाचं बोट तिच्याखाली सरकवायचं,
आणि देवाने हात दिलेत दोन.

उद्यमनगरात बंडू मिस्त्रीने शिकवलं होतं :
दांडीला ग्रीस चोपड, वर ढकल,
ती चिकटून राहील, तू तंबाखू मळून घे.
खरं होतं. कोल्हापुरात, डिसेंबरात.
इथे ग्रीसचं तूप होतं.
दांडी एक श्वास थांबते, मग सुळ्ळकन खाली.
चार वेळा.
पाचव्यांदा मी आईवरून शिवी दिली,
कोणाच्या, ते ठरवलं नाही.

इंजिनाच्या तोंडाला एक बोल्ट असतो,
त्या जागी लांब बोल्ट घुसवला की दांडी अडते.
पण तो पन्नास वर्षांत कोणी हलवलेला नाही,
आणि मोडला तर पगार माझा.

मग पट्टी सोडवून दांडीच बाहेर काढली
आणि शाजीच्या करक चहाच्या टपरीवर गेलो.
म्हटलं, फ्रीजरमध्ये जागा दे.
परोठ्यांच्या पाकिटांशेजारी माझं ग्रीसचं डबडं
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली दांडी,
बांगड्यासारखी.

वीस मिनिटं.
हद्दादसाहेबांनी माझं ओळखपत्र वाचलं :
कृष्णात लोहार. लोहार म्हणजे?
मी हवेत घण मारून दाखवला.
ते हसले, पुढचा एक दात नसलेलं हसू,
आणि छातीवर हात ठेवला : हद्दाद.
म्हणजे तेच?
तेच.
त्यांचा आजा मोत्यांच्या होड्यांचे खिळे घडवायचा,
माझा, मोटेच्या चाकाचे कणे.
दोघांनाही पेट्रोलचा वास माहीत नव्हता.

दांडी आली, अंगावर धूसर दव घेऊन.
ग्रीस मेणासारखं.
ढकलली. थांबली.
पट्टी. गॅस्केट. मी श्वास सोडला नाही, तिने जागा.
पंपाचं बोट आत, खालचा बोल्ट, वरचा.
मनगटावर पहिला ओघळ आला तेव्हा
पाना शेवटचा आटा घेत होता.

ऑइलही नवं भरलं, नाहीतर सगळं मुसळ केरात.
सेल्फ मारला. नाही.
पुन्हा. नाही.
टाकी लांब, नळ्या कोरड्या, वर यायला वेळ लागतो.
म्हातारा उभा राहिलेला.
काचेच्या फिल्टरमध्ये एक बुडबुडा,
मग ठेक्यात, घोटघोट, पिवळसर
आणि अख्खी गाडी खांद्यातून हलली.
मुलाने मोबाईल खिशात ठेवला.

जुना पंप मी मागून घेतला.
त्याला स्क्रू आहेत. नव्याला नुसती मुडपलेली कड,
बिघडला की फेकायचा.
रात्री बंकवर बसून उघडला :
फट माझ्या नखाएवढी.
आता तसलं रबर शोधतोय, घाई नाही.

शाजी रोज विचारतो, ते डबडं कधी नेणार,
परोठ्यांना गॅरेजचा वास येतो.
म्हटलं, राहू दे.
ऑगस्ट अजून यायचाय.